हॉकी, नोटा, दहाचं नाणं आणि १५ ऑगस्ट : छातीठोकपणे सांगितल्या जाणाऱ्या चुकीच्या गोष्टी

मांजराकाठ (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या तालुक्यात मराठवाडा मुक्तिदिनाच्या (१७ सप्टेंबर) आठवड्यात शाळांची सामान्यज्ञान स्पर्धा असते आणि प्रश्न काढायचं काम फिरून फिरून माझ्याच गळ्यात पडतं. पोरं चुकतात त्याचं काही नाही, ती शिकायलीच आहेत. खरी गंमत पुढे होते. उत्तर जाहीर झालं की मागच्या खुर्च्यांवरून एखादा पालक उठतो, कधी कधी गुरुजीच उठतात, आणि म्हणतात, "सर, तुमचंच उत्तर चुकलंय."

"भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?" हा प्रश्न मी मुद्दाम ठेवतो. उत्तर आहे : कोणताच नाही. केंद्राच्या क्रीडा खात्याने २०१२ साली माहिती अधिकारात हे लेखी दिलंय. २०२० मध्ये धुळ्याच्या एका शिक्षकाने पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच उत्तर आलं. १९२८ ते १९५६ सलग सहा ऑलिंपिक सुवर्णं, मग १९६४ आणि १९८०, असा हॉकीचा थाट आहे. पण सरकारने तिला राष्ट्रीय खेळ म्हणून कधी जाहीर केलेलं नाही.

तसंच राष्ट्रभाषेचं. घटनेचं ३४३ वं कलम हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणतं, बस. आठव्या परिशिष्टात २२ भाषा आहेत, मराठीही त्याच पंगतीत. आणि 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा मेसेज दर १४ ऑगस्टच्या रात्री आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर न चुकता येतो. युनेस्को असली स्पर्धाच घेत नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हटल्याने कुणाच्या खिशातला रुपया जात नाही. काही समज मात्र असे आहेत की माणसाचा पैसा जातो, पेन्शन अडते, मत वाया जातं. ते समज आपण हॉकीइतक्याच ठामपणे बाळगतो आणि त्यावर कुठली प्रश्नमंजूषा होत नाही. त्यातला माझा आवडता, म्हणजे नावडता : दहाचं नाणं. आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशीला दिलं तर ती हातसुद्धा लावत नाही. "बंद झालंय की ओ ते."

तुमच्या गावात असं काय काय चालतं? लिहा. फक्त व्हॉट्सॲपवरचं जसंच्या तसं डकवू नका.

कडबाकुट्टी

+१. दहाच्या नाण्याचं आमच्याकडे लईच आहे. मजा म्हणजे पुण्याला गेलं की तेच नाणं धडाधड चालतंय. पोरगा तिथं शिकायला आहे, तो गावाकडं आला की खिशातली नाणी माझ्याकडं ठेवून जातो आणि जाताना परत नेतो. एकच देश ना ओ आपला?

निवृत्त_रोखपाल

बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेलं, म्हणून नाण्यांवर चार शब्द.

दहाचं नाणं कधीही बंद झालेलं नाही. अफवा अशी पसरली की काही नाण्यांवर पंधरा रेघा आहेत आणि काहींवर दहा, त्यातली पंधरावाली खोटी. मग कुणी म्हणालं रुपयाचं चिन्ह नसलेली खोटी. प्रत्यक्षात नाणी वेळोवेळी वेगवेगळ्या नक्षीची निघतात, चिन्हच मुळी २०११ पासून नाण्यांवर आलं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं की तोपर्यंत निघालेल्या चौदाही नक्षींची दहाची नाणी वैध आहेत. पत्रक निघालं, बाजारात काही फरक पडला नाही. कारण मावशीचं म्हणणं अगदी व्यवहाराचं आहे : "मी घेईन, पण माझ्याकडून अडत्या घेतो का?" एकाने नाकारलं की सगळ्यांना नाकारावंच लागतं. तिला दोष देऊन उपयोग नाही. अडत्या, ठोक व्यापारी आणि बँकेची शाखा, या तिघांनी बिनतक्रार घेतलं तर हा प्रकार महिन्याभरात मिटेल. काही शाखा चिल्लर घ्यायला कंटाळा करतात, तेही खरं.

आठाण्याचंही तेच. चाराणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली. आठाणे झाले नाहीत, कायद्याने अजून चालतात. देणारा-घेणारा उरला नाही ही गोष्ट निराळी. उलटा कायदाही लक्षात ठेवा : रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका वेळी १००० रुपयांपर्यंतच कुणी घेण्यास बांधील आहे. कर्जाचा हप्ता पोतंभर चिल्लरीत आणून ओतणारे आमच्याकडे येऊन गेलेत.

जाता जाता एक. सगळ्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या, असं म्हणतात. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, तिच्यावर गव्हर्नरची नाही, केंद्राच्या वित्त सचिवाची सही असते. आणि दोन हजारच्या नोटेत चिप होती हे मला २०१६ मध्ये ज्यांनी ठासून सांगितलं होतं, त्यांनी तीच नोट मे २०२३ नंतर बदलून न्यायला माझ्याच ओळखीने रांग टाळली.

गोदाकाठी

काका, शेवटचं वाक्य वाचून चहा नाकातून आला.

सडेतोड

धागा चांगला, पण धागाकर्त्याचा सूर पटला नाही. हॉकी राष्ट्रीय खेळ नाही, राष्ट्रगीत सर्वोत्तम नाही, हे नाही ते नाही. पोरांना अभिमान वाटावा असं एक तरी राहू द्या की. कागदावर नसलं म्हणून काय झालं, लोकांनी मानलंय ना?

मांजराकाठ (धागाकर्ता)

सडेतोड दादा, लोकांनी मानलेलं मानावंच. ध्यानचंदांचा अभिमान बाळगायला सरकारी अधिसूचना लागत नाही, हेच तर मी म्हणतोय. पण परीक्षेत 'शासनाने घोषित केलेला' असं विचारलं की पोराचा गुण जातो. तलाठी भरतीला बसणारी पोरं असल्या एकेका गुणासाठी वर्ष घालवतात. आणि खरं सांगू, ज्या अभिमानाला खोट्या मेसेजचा टेकू लागतो तो पहिल्या वादात आडवा होतो.

सेतूवाली

मी महा-ई-सेवा केंद्र चालवते. धागाकर्ते म्हणतात तसा पैसा जाणारा, पेन्शन अडवणारा समज माझ्याकडे रोज दारात उभा असतो : "आधार आहे ना, मग अजून काय पाहिजे?"

आधारकार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधारच्या कायद्यातच तसं लिहिलंय, ९ व्या कलमात. आधार इथे राहणाऱ्याला मिळतं, परदेशी माणूस अर्जाआधीच्या वर्षभरात १८२ दिवस इथे राहिला असेल तर त्यालाही मिळू शकतं. पण खरं दुखणं आहे जन्मतारखेचं. आधार हा जन्मतारखेचाही पुरावा नाही. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या कागदांतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात सांगितलं की वय ठरवायला शाळा सोडल्याचा दाखला धरा, आधार नको.

आता आमच्या गावातली गंमत बघा. म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जानेवारी. कारण नोंदणीच्या वेळी "वय किती?" विचारलं, आजीने "असंल की पासष्ट" म्हटलं, मशीनने पासष्ट वजा करून १ जानेवारी टाकली. ज्यांच्याकडे शाळेचा दाखला आहे त्यांचा वाढदिवस १ जून, कारण गुरुजींनी शाळा उघडायच्या हिशोबाने तीच तारीख ठोकली. एकाच माणसाच्या दोन तारखा, मधे कधी कधी पाच-सहा वर्षांचं अंतर. श्रावणबाळ योजनेला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनला, ६५ पूर्ण लागतात. आधारवर ६२ पडलेल्या बाईला मी काय सांगू?

परवा एक काका आले. मुलाच्या नोकरीची पडताळणी. मुलाचं आधार, काकांचं आधार आणि काकांचा दाखला काउंटरवर ओळीने मांडले. आधारप्रमाणे काका मुलापेक्षा तेरा वर्षांनी मोठे. काका म्हणाले, "ताई, आधार मोदींनी दिलंय, ते कसं चुकंल?" काका, माहिती तुम्हीच सांगितली होती, मशीनने फक्त छापली.

दुधना_पाट

सेतूवाली ताई, लई भारी लिहिलंत. आमच्या वडिलांचा पण एक जूनच. गावात एक जूनला केक कापायचं ठरवलं तर बेकरी पुरायची नाही.

गोदाकाठी

मी निवडणुकीचं लिहिते, नोटाचं, म्हणजे मतयंत्रावरच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटनाचं. 'नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली की निवडणूक रद्द होते आणि त्याच उमेदवारांना परत उभं राहता येत नाही.' आमच्या कॉलेजात राज्यशास्त्राची पोरंसुद्धा हे सांगतात. मग लातूर ग्रामीणचं उदाहरण दिलं की गप्प होतात. २०१९ च्या विधानसभेला तिथे नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, सुमारे साडेसत्तावीस हजार मतं. तिसऱ्या नंबरवाल्या माणसाचा विचार करा हो. झालं काय? काहीच नाही. पहिला आला तो आमदार झाला.

खंडपीठकर

वकिली करतो, म्हणून गोदाकाठी ताईंच्या लिहिण्यात भर.

लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटा आणायला लावला तो मुळात मतदाराची गुप्तता जपायला. त्याआधी मत द्यायचं नसेल तर केंद्राधिकाऱ्याला सांगून रजिस्टरमध्ये नोंदवावं लागे, म्हणजे सगळ्या गावाला कळे. निवडणूक पाडायचं हत्यार म्हणून तो आलेलाच नाही.

पण समज अगदीच हवेतून आलेला नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की महापालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायतीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे आला तर मात्र त्याच्या खालचा उमेदवार विजयी. तेव्हा नगरसेवकाच्या निवडणुकीत खरं, आमदार-खासदाराच्या निवडणुकीत खोटं. लोकांनी नगरपालिकेची बातमी वाचली आणि लोकसभेला लावली.

याच्या जोडीला दर निवडणुकीत फिरणारा दुसरा मेसेज : 'तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल तर टेंडर मत मागा, १४ टक्क्यांच्या वर टेंडर मतं झाली की त्या केंद्रावर फेरमतदान.' अर्धं खरं आहे. तुमचं मत कुणी आधीच टाकून गेलं असेल तर ओळख पटवून तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, नियम ४९प. ती मागाच. पण १४ टक्क्यांचा नियम कुठेही नाही. आणि 'यादीत नाव नसलं तरी आधार दाखवून चॅलेंज मत टाकता येतं' हे तर साफ खोटं. यादीत नाव नाही तर मत नाही. दुपारी तीनला माणसं केंद्रावर भांडत बसतात, तेच दोन महिने आधी यादीत नाव घालायचा फॉर्म ६ भरला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

कडबाकुट्टी

आणि पंतप्रधानाला आपण निवडतो म्हणणारे? आमच्या पारावर एकाला सांगितलं की तू खासदार निवडलास, पंतप्रधान नाही. तो म्हणाला, "मग बटनावर फोटो कुणाचा होता?" होता उमेदवाराचाच, पण त्याने कधी नीट बघितलाच नव्हता.

खंडपीठकर

:) राष्ट्रपती निवडणुकीत तर उलटं. लोक म्हणतात फक्त खासदार मत देतात. निवडून आलेले आमदारही देतात. आपल्या आमदाराच्या एका मताचं मूल्य १७५ आहे आणि ते काढलंय १९७१ च्या लोकसंख्येवरून. नियुक्त सदस्यांना मात्र मत नाही.

आज्याची_पोथी

आता माझा विषय. 'भारत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला.' वाक्य बरोबर आहे. पण आमच्या अंबडच्या चुलत आज्याला कुणी विचारलं असतं तर त्याने काठी उगारली असती.

त्या दिवशी मराठवाड्यात झेंडा लावणं हा गुन्हा होता. लावणारे तुरुंगात गेले. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि संस्थान भारतात सामील झालेलं नव्हतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. मधे रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचा धुमाकूळ, त्यांचा म्होरक्या कासीम रझवी आपल्या लातूरचाच वकील. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य शिरलं, सोलापूरकडून आलेल्या तुकड्यांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ ला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. म्हणजे दिल्लीपेक्षा तेरा महिने उशिरा.

आमच्या घरात या सगळ्याला 'पोलिस ॲक्शन' म्हणतात. "पोलिस ॲक्शनच्या साली तुझा बाप रांगत होता," असं. पण त्यात पोलिस नव्हते ओ, रणगाडे होते. मेजर जनरल चौधरींचं सैन्य होतं, तेच पुढे लष्करी गव्हर्नर झाले. देशातल्या देशात केलेली कारवाई आहे, दुसऱ्या देशावर स्वारी नाही, हे जगाला दाखवायचं म्हणून ते नाव. निजामाने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेलेली होती.

आज्या पैशाचीही गंमत सांगायचा. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. सोलापूरच्या बाजाराला जाताना हाली मोडून कलदार घ्यायचे आणि त्यात मोडणारा आपला वाटा काढायचा. दहाचं नाणं गावात चालेना म्हणून रडणाऱ्यांनी हे ऐकावं.

सडेतोड

म्हणजे १७ सप्टेंबरला निजाम गेला आणि आपण महाराष्ट्रात आलो. मग १ मे कशाला साजरा करायचा?

आज्याची_पोथी

दादा, तुमच्या एका ओळीत तीन चुका आहेत, रागावू नका.

निजाम कुठेही गेला नाही. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली तेव्हा मीर उस्मान अली खानच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले, म्हणजे आजच्या राज्यपालासारखं पद. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत ते होते. कुठल्याही वर्गात विचारा, हे एकाला माहीत नसतं.

दुसरं, १९४८ ला आपण महाराष्ट्रात आलो नाही. हैदराबाद राज्य आणखी आठ वर्षं होतंच, राजधानी हैदराबाद. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मोडलं आणि आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. त्या राज्यात गुजरातीही होते.

तिसरं, १ मे १९६० ला ते द्वैभाषिक फुटून महाराष्ट्र झाला. म्हणून १ मे आपलाही. १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर, १ मे, तिन्ही आपले, आणि तिन्ही दिवशी वेगवेगळी गोष्ट घडलेली आहे.

दुधना_पाट

पाच जिल्हे? आठ आहेत ना?

मांजराकाठ (धागाकर्ता)

आता आठ. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला वेगळे झाले. स्पर्धेत एका पोराने 'मुक्तिसंग्रामात हिंगोली जिल्ह्याचे योगदान' असं दोन पानं लिहिलं होतं. माणसं हिंगोलीचीच होती, जिल्हा तेवढा नव्हता. मी पूर्ण गुण दिले.

नांदेडचा_पंचा

मुक्तिदिनाचा विषय निघाला तर झेंड्याचंही होऊन जाऊ द्या. आमच्या नांदेडात कुणालाही विचारा, "देशात राष्ट्रध्वज फक्त आपल्या नांदेडला बनतो." अभिमान रास्त आहे. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं केंद्र आहे, उदगीरला कापड विणलं जातं, खादीचा ध्वज बनवणारी ठिकाणं देशात बोटावर मोजण्याइतकीच. पण 'फक्त' नाही. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला पण बनतो. हुबळीवाले म्हणतात फक्त आमच्याकडेच बनतो. दोघांना एकदा समोरासमोर बसवायला पाहिजे.

आणि 'झेंडा खादीचाच पाहिजे, सूर्यास्ताला उतरलाच पाहिजे' हेही आता तसं राहिलेलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहितेत बदल झाला, यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचाही चालतो. जुलै २०२२ पासून घरावर रात्रंदिवस ठेवता येतो. त्याने आमच्या विणकरांचं काय झालं हा वेगळा धागा होईल, इथे नको.

निवृत्त_रोखपाल

वेगळा धागा काढाच. वाचणारे आहेत.

कडबाकुट्टी

माझा एक खरा प्रश्न, सेतूवाली ताईंना. आई कधी शाळेत गेली नाही. आधारवर १ जानेवारी आणि वय कमी लागलंय, श्रावणबाळचा अर्ज त्यावरून परत आला. गावातला एक जण म्हणतो पाचशे रुपये दे, आधारवरची तारीख पाहिजे तशी करून देतो. करू का?

सेतूवाली

अजिबात नका करू, दादा. जन्मतारीख आधारवर साधारण एकदाच बदलता येते. त्या माणसाने चुकीचा कागद लावला आणि अर्ज फेटाळला, किंवा भलतीच तारीख बसली, तर आईचं कायमचं अडकेल. आणि खोटा कागद लावल्याचं उद्या तुमच्यावरच येईल.

आधी आईचं नाव जुन्या मतदार यादीत शोधा, त्यात वय असतं. जुनं रेशनकार्ड असेल तर तेही काढा, माळ्यावर, ट्रंकेत, कुठेही असेल. यातलं काहीच मिळालं नाही तर ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला मिळतो, आईला स्वतः न्यावं लागेल. हे घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत (पेन्शनचे अर्ज तिथेच बघतात) जा आणि अर्ज का परत आला ते लेखी मागा. तोंडी सांगितलं तर घेऊ नका. आधारची तारीख बदलायची वेळ आलीच तर हे कागद हातात आल्यावर, नोंदणी केंद्रावर जाऊन, आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवरची तारीख स्वतः वाचून मगच पावती घ्या. फी पावतीवर छापलेली असते, त्याच्यावर एक रुपया देऊ नका.

कडबाकुट्टी

आभारी आहे ताई. रेशनकार्ड मामाकडे असंल, उद्या सेलूला जाऊन येतो.